आवाज जुळविण्याचा धंदा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पुढील पंधरा दिवस आम्हां शिक्षकांस स्वतःचीं कामें सुचत नाहींत. पालक येतात, मुलें येतात. कधीं दोघेंहि बरोबर येतात, आणि बहुधा एकमेकांशीं न बोलतां मजशींच बोलतात. कोणाला इंजिनिअर व्हावयाचें असतें, कोणाला डॉक्टर, कोणाला स्पर्धापरीक्षा द्यावयाच्या असतात. क्वचित् एखादा मुलगा 'मी शेती करीन' असें म्हणतो, व त्याचे शेतकरी वडीलच त्याजकडे रागानें पाहतात. या नेहमींच्या यादींत न येणारे धंदे पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एकाविषयीं या अंकांत चार गोष्टी लिहाव्या असें यंदा मनांत आलें. एक तर त्या धंद्याशीं आपल्या कोल्हापूरचा संबंध फार जुना आहे. आणि दुसरें असें कीं, त्यांत शिरलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें मला तो प्रत्यक्ष जवळून दाखविला. हा धंदा म्हणजे मालिका, माहितीपट व चित्रपट यांतील निरनिराळे आवाज एकत्र जुळविण्याचा. इंग्रजीवरून त्याला 'मिक्सिंग' म्हणतात. आपण ध्वनिमिश्रण म्हणूं. आमचा विद्यार्थी मात्र स्वतःस नुसता 'मिक्सर' म्हणवितो, आणि त्यामुळें त्याच्या आईला शेजारच्या बायकांपुढें स्वयंपाकघरांतील यंत्राचा खुलासा करावा लागतो.

खरी कॉर्नरवरील कॅमेऱ्याचें स्मारक आपण सर्वांनीं पाहिलें आहे. बाबूराव पेंटर यांनीं याच शहरांत कॅमेरा तयार केला व १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढला, ही हकीकत येथील मुलांना घरींच ऐकावयास मिळते. ही डोळ्यांच्या बाजूची कथा झाली. कानांच्या बाजूची कथा तितक्या अगत्यानें कोणी सांगत नाहीं, व मायक्रोफोनचें स्मारक उभारलेलें निदान माझ्या पाहण्यांत नाहीं. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यांचे कांहीं मूकपट निघाले न निघाले तोंच १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलूं लागला. आतां आवाज धरावयाचा कोणीं, हा प्रश्न प्रभातकारांपुढें पडला. तें काम दामल्यांनीं अंगावर घेतलें. ते मूळचे पडदे रंगविणारे, ध्वनिमुद्रणाचें शिक्षण देणारी शाळा त्या वेळीं आपल्याकडे कोठें नव्हती, यंत्र परदेशी. तें त्यांनीं हातीं घेतलें, समजून घेतलें, आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरांत तयार झाला. गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे हीं त्यांत प्रमुख भूमिकांत होतीं, व त्याची हिंदी आवृत्तीहि बरोबरीनेंच घेण्यांत आली.

आज ज्याला मिश्रण म्हणतात तें त्या काळीं जवळजवळ नव्हतेंच. जो नट बोले तोच गाई, आणि साथीदार चित्राच्या चौकटीबाहेर दडून त्याच क्षणीं वाजवीत. जें काय जुळवावयाचें तें माणसें जवळ-दूर बसवून जुळवावयाचें. तबलजी दोन हात मागें सरकला कीं, तबला उतरला. पेटी पुढें आणली कीं, ती चढली. हा आवाज प्रकाशाच्या साह्यानें फिल्मच्या कडेला एका अरुंद पट्टींत उमटे, व एकदां उमटल्यावर कोणाचा खोकला त्यांत शिरला असला तरी तेवढाच वेगळा काढण्याची सोय नसे. हें ध्यानांत ठेवून ते जुने बोलपट ऐकावे, म्हणजे त्यांतील खरखरीचा राग येणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याची खोली मुंबईस अंधेरींत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत मी तेथें एक संपूर्ण सायंकाळ बसलों. खोलीला खिडकी नाहीं. भिंतींना जाड कापडाच्या गाद्या मारलेल्या. आंत शिरतांच स्वतःचे कान बंद झाल्यासारखे वाटतात. समोर एक पडदा, आणि टेबलावर सरकपट्ट्यांची रांग. एका मालिकेचा वीस-बावीस मिनिटांचा भाग संध्याकाळीं सातला त्याच्या हातीं आला, व तो मध्यरात्रीपूर्वीं पुढें रवाना व्हावयाचा होता. त्यांतील एक प्रवेश असा : माहेरीं परत आलेली मुलगी वाड्याच्या सोप्यांत उभी आहे, आणि आई तिला पाणी देते. प्रथम त्यानें मला फक्त बोलणें ऐकविलें. मुलीच्या प्रत्येक वाक्यामागें पंख्याची घरघर होती. आईच्या गळ्यांतील साजाचा मणी कॉलरच्या माईकवर दर श्वासाला घासत होता. एका ठिकाणीं दूर कोठें भोंगा वाजत होता. हे आवाज त्यानें एकेक करून शोधले व दाबले. तेव्हां बोलणें स्वच्छ झालें खरें, पण तीं दोन माणसें जणुं विहिरीच्या तळाशीं उभीं राहून बोलत आहेत असें मला वाटूं लागलें.

"सर, आतां खोली परत आणूं," असें म्हणून त्यानें एक पट्टी वर सरकविली, आणि एकाएकीं वाडा जिवंत झाला. त्यानें काय घातलें, म्हणून मीं विचारलें. तर कांहीं नाहीं, शांतता! चित्रण संपल्यावर सर्व मंडळींना अर्धा मिनिट निश्चल उभें करून त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून ठेवितात. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. तिच्यावांचून आवाज अधांतरीं लोंबकळतो, आणि प्रेक्षकांस आपला संच बिघडला असा भास होतो. त्यानंतर भांड्याचा आवाज, बांगड्या, फरशीवरील पाउलें हीं आलीं. हीं बहुधा मागाहून दुसऱ्याच खोलींत दुसरींच माणसें पडद्याकडे पाहत करून देतात. अमेरिकेंतील जॅक फोली यांच्या नांवावरून या कलेला फोली म्हणतात. सर्वांच्या शेवटीं संगीत. आमचा विद्यार्थी संगीताची पट्टी वर नेतांना नेहमीं कुरकुरतो. त्याच्या मतें मालिकांतून तें निम्मेंहि पुरे. माझेंहि मत तेंच आहे.

शाळा उघडल्यावर मीं नववीच्या वर्गाला एक मिनिट डोळे मिटून बसविलें व ऐकूं आलेले आवाज वहींत लिहावयास सांगितले. बहुतेकांचे चार-पांच झाले. मागल्या बाकावरील एका मुलाचे सतरा झाले; त्यांत 'खडूच्या पेटींत पाल' असाहि एक होता. मुलें हंसलीं. मीं पेटी उघडून पाहिली, आणि तो खोटें बोलत नव्हता. याच मुलास गणितांत कधीं पस्तिसांवर गुण मिळालेले नाहींत. ही नोंद येथें त्याच्या पालकांसाठीं मुद्दाम केली आहे.

ध्वनीचें प्रकरण शिकवितांना मला आतां उदाहरणें शोधावीं लागत नाहींत. दूरचित्रवाणीवर आपल्या देशांत सेकंदास २५ चित्रें दाखवितात. म्हणजे एक चित्र ४० सहस्रांश सेकंद टिकतें. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. तेव्हां एका चित्राच्या अवधींत तो १४ मीटरांहून थोडा कमी जातो. मैदानाच्या त्या टोकाला, सत्तर मीटरांवर, कोणी चेंडू टोलविला तर फटक्याचा आवाज आपणांस पांच चित्रांनंतर मिळतो. तेंच पडद्यावर दाखवावयाचें तर आवाज खराखुरा उशिरां द्यावा, कीं डोळ्यांच्या समाधानासाठीं बॅटबरोबरच द्यावा? आमचा विद्यार्थी म्हणाला, "बॅटबरोबरच, नाहीं तर लोक चूक माझी धरतात." ज्याला भौतिकशास्त्र येत नाहीं त्याला हा धंदा जमणार नाहीं, आणि ज्याला नुसतें भौतिकशास्त्र येतें त्यालाहि नाहीं.

मालिकांचें चित्रण आतां आपल्या दाराशीं येऊन ठेपलें आहे. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. तिचें चित्रण आपल्या वसगड्यांत झालें. गांवच्या वाड्यांत चित्रण म्हणजे मायक्रोफोनला काय काय ऐकूं येईल, हें कोल्हापूरकरांस सांगावयास नको : कोंबडा, म्हैस, पिठाची गिरणी आणि चित्रण पाहावयास जमलेलीं आपणच सर्व. या सर्वांतून एक वाक्य निवडून काढावयाचें. पुन्हां तें कोणासाठीं, हेंहि पाहावयाचें. मालिका पाहणारांपैकीं पुष्कळजणी ती पाहत नसून ऐकत असतात. फोडणी चुलीवर असते, संच दुसऱ्या खोलींत असतो. म्हणून आमचा विद्यार्थी मोठ्या, भारी ध्वनिवर्धकांवर काम पुरें झालें कीं, तेंच एका स्वस्त, लहानशा संचावर, खोलीबाहेर उभा राहून ऐकतो. "आईला स्वयंपाकघरांतून कळलें पाहिजे," हें त्याचें माप आहे. मालिकेच्या मानानें जाहिराती कानठळ्या बसविणाऱ्या कां असतात, असेंहि मीं त्याला विचारलें. युरोपांत आवाजाची सरासरी पातळी ठरवून देणारी शिफारस २०१० सालीं निघाली, व अमेरिकेंत जाहिरातींचा मोठा आवाज आवरण्यासाठीं त्याच वर्षीं कायदाच झाला, इतकें सांगून तो थांबला. पुढें त्यानें फक्त हात जोडले.

मालिकेपेक्षां माहितीपटाचें काम कठीण, असें तो म्हणाला तेव्हां मला प्रथम खरें वाटलें नाहीं. मग त्यानें एक हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वीं त्याजकडे ऊसतोड कामगारांवरील एक माहितीपट आला होता. बीडकडून दरवर्षीं किती कुटुंबें ऊसतोडीसाठीं आपल्या भागांत येतात व पाचटाच्या कोप्यांतून राहतात, तें आपण रस्त्यानें जातांना पाहतोंच. अशाच एका कोपीपुढें बसून एक बाई आपलें आजारी मूल दवाखान्यांत न्यावयास उशीर कसा झाला, तें सांगत होती. ती ऐन मुद्द्यावर आली आणि रस्त्यानें उसाचा ट्रॅक्टर गेला. त्यावर नेहमींप्रमाणें गाणें मोठ्यानें लागलेलें. बाईचे आठ-दहा शब्द त्याखालीं बुडाले. तिला पुन्हां बोलावयास सांगणें शक्य नव्हतें. हंगाम संपून ती टोळी गांवीं परतली होती. आणि शक्य असतें तरी तसें कोणाच्यानें सांगवलें असतें?

दिग्दर्शकाचें म्हणणें पडलें कीं, ट्रॅक्टर काढून टाकावा व खालीं बांसरी सोडावी. हल्लींच्या यंत्रांनीं ट्रॅक्टर पुष्कळ अंशीं काढतां येतो. आमच्या विद्यार्थ्यानें तो काढून पाहिलाहि. शब्द कळूं लागले. पण आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यांतून यावा तसा झाला. "सर, बाईचा आवाज स्वच्छ करतां करतां ती दुसरीच बाई होत होती," असें तो म्हणाला. शिवाय त्याला दुसरीहि एक गोष्ट टोंचत होती. ट्रॅक्टर काढला तर बाई आपल्या दुःखासह एकटी राहते. ठेवला तर तिच्या अंगावरून जाणारा ऊस कोणाचा, हा प्रश्न ऐकणाराला पडतो. दोन रात्री या आठ-दहा शब्दांवर वाद झाला. अखेरीस ट्रॅक्टर थोडा उतरवून ठेवला, न कळणारे शब्द चित्राखालीं अक्षरांत दिले, बांसरी गाळली, आणि बाई बोलावयाची थांबल्यावर अकरा सेकंद त्या जागेचाच आवाज राहूं दिला : चुलींतील पाचटाचें तडतडणें, एक कुत्रें, आणि दूर जाणारें तेंच गाणें. तो भाग त्यानें मला दाखविला. मी त्याच रस्त्यानें किती वेळां गेलों आहें! पण त्या कोप्यांतून बोलणें ऐकूं येतें, हें मला त्या खिडकी नसलेल्या खोलींत कळलें.

येथें मला 'कुंकू'ची आठवण झाली. प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापूर सोडून पुण्यास गेली, आणि १९३७ सालीं शांतारामांनीं हा बोलपट काढला. त्यांत त्यांनीं पार्श्वसंगीत वर्ज्य केलें, व घरांतील, रस्त्यांतील नैसर्गिक आवाजांवरच सर्व भिस्त ठेविली. म्हाताऱ्या नवऱ्याचें तें भिंतीवरील घड्याळ ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना अधिक सांगावयास नको. दुःखाच्या प्रसंगीं बांसरी न सोडण्याचें धैर्य आपल्याकडील मंडळींनीं इतक्या लौकर दाखविलें होतें.

एका बाबतींत मात्र माझा व आमच्या विद्यार्थ्याचा मतभेद आहे. माहितीपटांत पहाटेचें चित्र मुकें असलें तर तो आपल्या संग्रहांतील पांखरांचा आवाज त्यांत घालतो. सर्वच जण घालतात, असें तो म्हणतो. मालिकेंत खोटीं पाउलें चालतील, कारण ती कथाच आहे; पण जें 'खरें' म्हणून दाखवावयाचें त्यांत त्या रानांत नसलेली टिटवी ओरडूं लागली, तर मग बाईच्या शब्दांवर तरी विश्वास कां ठेवावा? या प्रश्नाला त्यानें दिलेलें उत्तर मला पटलें नाहीं, व माझें म्हणणें त्याला पटलें नाहीं.

आतां व्यवहाराविषयीं. या धंद्यांत महिन्याच्या महिन्यास पगार थोड्यांना मिळतो. बहुतेकांना कामागणिक पैसा मिळतो, आणि तो काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनीं हातीं पडतो. एका निर्मात्यानें तर आमच्या विद्यार्थ्यास अद्याप दिलेला नाहीं. पावसाळ्यांत हात रिकामे, आणि सणासुदीपूर्वीं झोंप नाहीं. कानांस जपावें लागतें तें निराळेंच. ८५ डेसिबेल आवाजांत दिवसास ८ तास, आणि पुढें दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा, असें एक प्रमाण अमेरिकेंतील आरोग्यतज्ज्ञ पाळावयास सांगतात. त्या हिशेबानें १०० डेसिबेलला अवघीं १५ मिनिटें येतात. आपल्या मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढें रात्रभर नाचणाऱ्या मुलांनीं हें त्रैराशिक स्वतः सोडवून पाहावें. आमचा विद्यार्थी कोल्हापुरांत गणेशोत्सवास येतो तो कानांत बोळे घालून, आणि त्याचे जुने मित्र त्याची थट्टा करितात.

शिक्षणाची सोय मात्र दामल्यांच्या वेळेसारखी राहिलेली नाहीं. पुण्यास प्रभातच्याच जागेंत १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढली; तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. पदवीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन तेथें ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतां येतो. दूरचित्रवाणीच्या शाखेंत एक वर्षाचाहि आहे. कलकत्त्यास सत्यजित राय यांच्या नांवाची अशीच संस्था १९९५ पासून आहे. पुण्याच्या संस्थेंत शिकलेले केरळचे रसूल पूकुट्टी यांना २००९ सालीं 'स्लमडॉग मिलिऑनेर'च्या ध्वनिमिश्रणाबद्दल दोघां सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळालें. 'लगान' (२००१) या चित्रपटांत संवाद चित्रणाच्या वेळींच मुद्रित करण्याची, आपल्याकडे मागें पडलेली रीत पुन्हां चालविण्यांत आली. तें काम नकुल कामते यांचें. आणि शांतारामांच्या राजकमल कलामंदिरांत वर्षानुवर्षें बसून 'शोले'सारख्या चित्रपटांचे आवाज जुळविणारे मंगेश देसाई यांचें नांव तर त्या खोल्यांतून अजून आदरानें घेतात. बाहेर तें किती जणांस ठाऊक आहे?

हाच प्रश्न यंदा दहावी झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीं मला दुसऱ्या शब्दांत विचारला. त्यांची शाहूपुरींत गुळाची अडत आहे. "सर, पोरगी कायतरी आवाजाचं शिकायचं म्हणत्या," ते म्हणाले. "ह्यात पोट भरतंय का? आणि नाव कुठं दिसतंय? मालिका संपली की आम्ही उठतो, तवा नावं पळत असत्यात." पोट भरतें, पण सावकाश भरतें, असें मीं त्यांना सांगितलें, रात्रीच्या कामाविषयींहि कांहीं लपविलें नाहीं. मुलगी एवढा वेळ खालीं मान घालून उभी होती. मग तिनें वडिलांचाच फोन घेतला व त्यांच्या कानाला लावला. तिनें सौद्याच्या वेळीं अडतींत घेतलेला आवाज त्यांत होता. त्यांनीं तो दोनदां ऐकला. "मागं हे खडखडतंय काय?" असें त्यांनीं विचारलें. "पत्र्यावरचीं कबुतरं, बाबा. रोज असत्यात," ती म्हणाली.

वडिलांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. तिला अकरावीस विज्ञानशाखेंत मात्र घातलें आहे, आणि भौतिकशास्त्राचें पुस्तक कोणतें घ्यावें, तें विचारावयास ते गेल्या आठवड्यांत स्वतः येऊन गेले.